तिघांच्या रांगेबाहेरचा दगडू

दगडू परबाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. दगडाला कोण नेतंय, म्हणून आईने याचं नाव मुद्दाम तसं ठेवलं. तो जगला, वाढला, आणि हिंदमाताच्या एका दुकानात गादीवर बसून बायकांपुढे साड्या उलगडण्यात त्याचा जन्म गेला. लग्नानंतर बरीच वर्षं घरात पाळणा हलला नाही, तेव्हा तो आणि शेवंती गिरगावातल्या एका आश्रमातून तान्ही पोर घेऊन आले. अक्षदा. यात लपवाछपवी कधीच नव्हती. वरळीच्या बीडीडी चाळीत सगळ्या माळ्याला ठाऊक होतं, आणि कळत्या वयापासून अक्षदालाही.

ती शिकत गेली आणि परळच्या एका संस्थेत पीएचडीला लागली. एकदा जेवताना दगडू म्हणाला, "लोक तुझ्या कामाचं विचारतात. काय सांगू?"

"आपल्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए म्हणून अगदी बारके रेणू असतात, बाबा. जनुकं प्रथिनं बनवायचे हुकूम सोडतात आणि हे त्यांना म्हणतात, आता पुरे. एखादा कुणाच्या अंगात जास्त असतो, कुणाच्या कमी. आईबापांकडून आलेल्या डीएनएत एका अक्षराचा फरक असला तर त्याने हे किती कमीजास्त होतं, ते मी बघतेय."

"म्हणजे सगळं जन्माआधीच ठरलेलं?"

"छे. थोडंसंच. बाकी वय, आजार, खाणं, तंबाखू." तंबाखू म्हणताना तिने त्याच्या खिशाकडे पाहिलं.

त्यासाठी तिला आई, वडील आणि मूल अशा तिघातिघांचं रक्त हवं होतं, आणि माणसं सुईला भीत होती. दगडूने ते अंगावर घेतलं. दुकानातून आला की दारोदार फिरायचा. "माझ्या चेडवाचा काम हा, येवक व्हया," एवढंच म्हणायचा; लेकीचं काम, यायलाच हवं. नुसत्या साड्या बघायला आलेल्या बाईला दोन घ्यायला लावणारा माणूस तो. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये शिबिर भरलं तेव्हा खुर्च्या कमी पडल्या.

दगडू सगळ्यांना पाणी देत होता. शेजारचे बाबुराव बायको आणि लेकासोबत रक्त देऊन उठले आणि कोपराशी कापूस दाबून म्हणाले, "काय रे, आम्हाला टोचवलंस. तुमचं तिघांचं कधी?" बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"आमचं नाय चालत," दगडू हसून म्हणाला आणि भरलेलाच जग पुन्हा भरायला गेला.

अक्षदाने ते ऐकलं होतं. घरी ती काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "तुझी माणसं कोण असतील, असं वाटतं कधी तुला?"

"वाटतं. घरात कुणाला शुगर आहे का, असं डॉक्टर विचारतात तेव्हा वाटतं. हल्ली जास्तच. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

शेवंतीने गॅस बंद केला. दगडूला वाईट वाटलंच. पण तो म्हणाला, "मग जाऊन विचारू. मी येतो."

आश्रमातल्या बाईंनी दोघांना बसवलं. जन्मदात्रीची संमती असेल तरच काही सांगता येईल, त्या म्हणाल्या. सापडेलच असंही नाही. परत येताना दोघं फणसवाडीपर्यंत चालत आली. मग अक्षदाने त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची, तसा.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. जन्मदात्री सापडली होती. तिला आता संसार होता, नाव सांगायचं नव्हतं, भेटायचंही नव्हतं. तिच्या घरात शुगर नाही, दम्याचा त्रास मात्र आहे, एवढा निरोप होता.

"आणि तिने एक विचारलंय," बाई म्हणाल्या. "पोर शिकली का?"

अक्षदाने बाबांकडे पाहिलं. दगडूने फोन तिच्या हातातून घेतला.

"सांगा तिला, खूप शिकली," तो म्हणाला. "अजून शिकतेय. तब्येत बरी आहे. जेवते नीट. आणि तिला म्हणावं, काळजी करू नको."

शेवंती जवळ येऊन बसली आणि तिने लेकीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.