आत्यांनी कानात सांगितलेलं नाव

मंडळी, आज आमच्या आत्यांनी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना घाम फोडला!

वय नव्वदीच्या पुढं. रक्त पातळ करायची गोळी चालू, आणि आता हिरड्यांतून रक्त येतंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, झाडपाल्याचं काही घेता का? गोळीवर तेही घेतलं की रक्त जास्तच पातळ होतं."

"घेते की. पण नाव सांगायची न्हाय. सांगितलं की औषधाचा गुण जातो."

निजामाच्या काळात बेंबळी गावात त्यांचे वडील आबा, म्हणजे माझे आजोबा, झाडपाल्याचं औषध फुकट द्यायचे. नाव न सांगायची शपथ त्यांचीच.

मी चिडलो. आत्या ढिम्म.

डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, "वडिलांनी कधीच कुणाला सांगितलं नाही?"

आत्या म्हणाल्या, "एकदा. माझा तान्हा भाऊ त्यांच्याच औषधानं निपचित पडला. तवा बैलगाडीत घालून उस्मानाबादला नेला आन् आबांनी डागदराला नाव सांगितलं. म्हणून पोरगं वाचलं."

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंना जवळ ओढलं आणि कानात नाव सांगितलं. झाडपाला आजपासून बंद.

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस डॉक्टरांपासून काय लपवतंय? न चिडता विचारलंत कधी?

तो तान्हा भाऊ म्हणजे माझे वडील.