चुलीच्या खोलीचं कुलूप

चिखलदऱ्याच्या डोंगरावर भाड्याची घरं दाखवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या कारंजा गावच्या उन्हात बायकोचा दमा उसळायचा, म्हणून दर उन्हाळ्यात आम्ही तिथं जायचो. तो चाव्या वाजवत पुढं चालायचा, तेही उलटा, आमच्याकडं तोंड करून, आणि एकदाही ठेचाळायचा नाही. कोणत्याही घरात शिरला की आधी चुलीची खोली उघडायचा. "पहिले चूल पाहा बाई, हवा मंग पाहू!" बायको हसायची आणि चुलीवरूनच घर ठरवायची.

ती गेली. घरात जीव लागेना, म्हणून यंदा एकटाच गेलो. तो माझ्या मागं पाहत म्हणाला, "काकाजी, बाई कुठं हाय?"

"मेली," मी म्हटलं. "मले चूल दाखवू नको. कुठं बसवत नाही. चालाले जागा पाह्यजे."

त्या दिवशी तो सरळ चालला, माझ्याकडं पाठ करून. दरीकडं जाणारी पायवाट ज्या घराच्या परसातून निघते, तिथं त्यानं मला नेलं. मी आत पाय टाकायच्या आधीच त्यानं पुढं होऊन चुलीच्या खोलीला कुलूप घातलं.

"हे काहून? लहान पोट्टं हाओ काय मी?"

"नजर जाते ना, काकाजी. जेवण माह्या घरून येईन."

मी दिवसभर ती पायवाट तुडवतो. परत आलो की नजर आधी कुलपावरच जाते. दार उघडं असतं तर एकदा आत पाहून मोकळा झालो असतो. पण कुलूप काढ म्हणून त्याला सांगवत नाही.