भाकऱ्या थापणारा कर्ता पुरुष

बाप गेला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि सातवीत दुसऱ्यांदा बसलो होतो. तेराव्याला मामाने माझ्या डोक्यावर पांढरी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, आणि चुलता सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "आता तूच घरातला कर्ता पुरुष." टोपी मोठी होती, कानावर यायची. त्यामुळे कर्त्या पुरुषाला निम्मं ऐकू यायचं नाही. तसं ऐकून तरी काय दिवे लावणार होता.

कात्रजच्या अलीकडे तेव्हा गावच होतं. घरात आई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण, तीन म्हशी आणि मी. उपयोगाप्रमाणे उभं केलं असतं तर म्हशी माझ्या पुढे आल्या असत्या. गोठ्यात पाऊल टाकलं की मी उलट्या पावली बाहेर यायचो. सायकल यायची, पण दुधाचे कॅन लावले की सायकल, कॅन आणि मी, तिघंही आडवे. एकदा भर रस्त्यात सगळं दूध सांडलं तेव्हा कुत्र्यांनी तेवढं माझं कौतुक केलं.

मग बहिणीने परकर खोचला आणि कॅन घेऊन ती पार नारायण पेठेपर्यंत रतीब घालायला लागली. पहाटे धार, मग रतीब, मग शाळा. तिकडच्या एका बाईंनी तिला विचारलं, "काय गं, तुमच्याकडे पुरुष माणूस नाही का कोणी?"

"आहे की," बहीण म्हणाली. "घरी भाकऱ्या थापतोय."

ते खरंच होतं. आई दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायची, बहीण सायकलवर. चुलीपुढे उरलो मी. दार लावून भाकऱ्या करायचो. कोणी कडी वाजवली की हात धुऊन, टोपी चढवून दार उघडायचं आणि घसा खाकरायचा. एवढंच माझं पुरुषपण. पण भाकरी मात्र मला साधली. काठाला चीर नाही, आरावर धरली की टम्म फुगायची. आयुष्यात मला जमलेली ती एकच गोष्ट, आणि ती सांगायची चोरी.

चुलत्याला आमचं काही बघवत नव्हतं. "बाप नसला की पोरी शेफारतात आणि पोरं बायल्या होतात," असं तो पारावर बसून सांगायचा. त्याच्या स्वतःच्या पोरांना बाप होता, चांगला धडधाकट. ती दोघं तहान लागली की आईला हाक मारायची. घोड्याएवढी झाली तरी माठ घरात कुठल्या कोपऱ्यात असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना कोणी बायल्या म्हटलं नाही. पुरुष असेच असतात म्हणे.

एक दिवस चुलत्याने सासवडकडचं स्थळ आणलं. बहीण दहावीत होती. तिला परीक्षा द्यायची होती, रतीब चालवायचा होता, लग्न नको होतं. ती ते आईला रडून सांगत होती, आणि ती रडते हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. आईलाही नको होतं. पण विधवा बाई बैठकीत बोलणार कशी? ती दाराआड. पोरीला विचारायची पद्धतच नव्हती. आणि लग्न झाल्यावर म्हशी कोणाच्या गोठ्यात जाणार हे चुलत्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. राहिला होकार. तो द्यायचा कर्त्या पुरुषाने, म्हणजे मी. अख्ख्या घरातलं सगळ्यांत बिनकामाचं डोकं निवडून त्याला विचारायचं, असा आमच्या भावकीचा शहाणपणा.

चुलत्याने मला बाजूला घेऊन पढवलं. "तू काय बोलू नकोस. मी विचारलं की नुसती मान हलवायची." हे काम मला झेपण्यासारखं होतं.

पाहुणे जेवायलाच आले. आई रश्श्यात गुंतलेली, बहिणीला साडी नेसवून आत बसवलेलं, तेव्हा भाकऱ्या अर्थात मीच केल्या. मग हात धुऊन, टोपी घालून बाहेर पुरुषांत जाऊन बसलो. मुलाचा बाप जेवायला लागला. एक भाकरी संपली, दुसरी संपली. तिसरी मोडता मोडता तो चुलत्याला म्हणाला, "पोरीच्या हाताला गुण हाय बरं का. आमच्या घरात कुणाला अशी भाकरी येत न्हाई. हिला आमच्याकडं चुलीम्होरनं उठू देत न्हाई आता."

चुलता म्हणाला, "लहानपणापास्नं तिचीच भाकरी खातोय आम्ही."

बहिणीच्या भाकरीला म्हैसही तोंड लावत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझी स्तुती चालली होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर जमा होत होती.

"ती मी केलीय," मी म्हणालो.

मुलाच्या बापाचा घास हातातच राहिला. "काय केलंस?"

"भाकरी. तिला येत न्हाई. ती धार काढती, रतीब घालती. परवा बघा, याहून पातळ जमली होती."

पाहुण्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोरगी सायकलवर आन् पोरगा चुलीम्होरं," तो म्हणाला. "हे असलं घर आम्हाला नको." त्याने हात धुतला. भाकरी मात्र आधी संपवली.

चुलता जाताना मला बरंच काही म्हणाला. ते लिहिण्यासारखं नाही, पण बहुतेक खरं होतं. बातमी दोन-चार गावांत फिरली आणि त्यानंतर त्याने आमच्याकडे स्थळ आणलं नाही. गावात मला भाकरवाली म्हणायला लागले.

ते गेल्यावर आई दाराआडून बाहेर आली आणि ताटं उचलायला लागली. बहीण माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मुद्दाम बोललास का रं?"

"मग," मी म्हणालो. "घरातला पुरुष हाय मी. इचार करूनच बोललो."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "खोटारडा," ती म्हणाली, आणि साडीचा पदर कमरेला खोचून संध्याकाळच्या धारेला गेली.