सतरा नंबरची बाई

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर विमान उतरलं तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा फोटोच जास्त होते. आदिवासींवर संशोधन करणाऱ्या आपल्याकडच्या एका सरकारी संस्थेचा इतिहास मी लिहीत होते. तिथल्या जुन्या फोटोंखाली गावाचं नाव होतं, जमातीचं होतं. माणसांना मात्र नुसते नंबर. नावं मिळाल्याशिवाय पुस्तक छापायला द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. फोटो काढणारे जोगळेकर काका आता सिंगापुरात मुलीकडे राहतात. त्यांनाच जाब विचारायचा होता.

काकांच्या उपनगरात, बुकित पंजांगला, एलआरटीत (उंचावरच्या मार्गाने धावणारी चिमुकली, बिनड्रायव्हरची गाडी) चढले ती उलट्या फेरीच्या. अख्खी चक्कर झाली. इमारतींजवळून जाताना गाडीच्या काचा आपोआप धूसर होत, कुणाच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. इथल्या माणसाला एवढा मान. आणि आपल्याकडच्या पाड्यांवर? माझा पारा चढला.

काका नातीला घेऊन हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या स्वस्त गाळ्यांचा मोठा मंडप) बसले होते. समोर कोपी (दाट, गोड कॉफी) आणि काया टोस्ट (नारळ-अंड्याचा गोड लगदा लावलेला पाव). मी सतरा नंबरचा फोटो पुढे सरकवला. डोक्यावर मोळी, कडेवर मूल, रोखलेली नजर.

"काका, हिला नाव नव्हतं?"

"हे मोर्चाच्या पत्रकातलं वाक्य झालं," काका हसले. "आधी टोस्ट खा. गार झाला की वातड होतो."

"विचारलं तरी होतंत का?"

"विचारलं की! 'सोमी' म्हणाली. सगळ्या पाड्याची नावं लिहून घेतली. आठवड्याने फोटो द्यायला गेलो, 'सोमी' अशी हाक मारली, तर एक बाई वळेल तर शपथ! पोरं खिदळायला लागली. वहीतली सगळी नावं खोटी."

"सो नॉटी, लाह!" नात तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत ओरडली.

"नॉटी नाही गं. वहीत नाव गेलं की जंगलखात्याची केस होते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हटलं, मी त्या खात्याचा नाही. तर हीच बाई म्हणाली, 'वही तर सरकारचीच ना?'" काकांनी फोटो स्वतःकडे ओढला. "खोटी नावं लिहायची नव्हती, म्हणून नंबर टाकले. पण खरं कारण कुठेच लिहिलं नाही. ते माझं चुकलं."

मी भांडायला आले होते. आता गार, वातड झालेला टोस्ट चावत बसले.

परतताना काचा पुन्हा धूसर झाल्या. त्या बाईनेही हेच केलं होतं. संस्थेने काय लिहिलं, याचा इतिहास मी लिहीत बसले. लोकांनी काय लिहू दिलं नाही, ते प्रकरण राहूनच गेलं होतं.

घरी आल्यावर ते लिहिलं आणि पुस्तक छापायला दिलं. फोटोखालचा सतरा खोडला. सोमीही लिहिलं नाही. लिहिलं, "या बाईने सरकारला आपलं नाव दिलं नाही."