देवीला सांगण्याजोगं काही

सर्व भाविकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बिरसी गावातल्या एका गृहस्थाने मध्यंतरी साक्षात देवीशी भांडण मांडलं होतं. तो गृहस्थ मीच. भांडण एकतर्फी होतं, कारण देवी काही बोलत नव्हती. आणि घरी बायकोही बोलत नव्हती.

तिला लकवा मारला होता. उजवा हात हळूहळू हलू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण बोलणं परत येईल की नाही ते सांगता येत नाही. आमच्या घरात बोलायचं काम तसं पहिल्यापासून माझ्याकडेच. पण समोरून कोणी 'हो का' म्हणालं नाही तर गोष्ट तोंडातच वाळते, हे मला तेव्हा कळलं. मग मी रोज सकाळी गावाबाहेरच्या देवळात जायचो आणि तेच गाऱ्हाणं घालायचो: तिला बोलतं कर. घालायचो तेही मोठ्याने. देवी आपल्यापासून बरीच लांब राहते, अशी माझी समजूत होती.

एका मंगळवारी पायरीवर एक अनोळखी म्हातारी बसली होती, बालाघाटकडची असावी. माझं गाऱ्हाणं तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "भैया, रोज रडणंच आयकवता का देवीले? तिले बी कंटाळा येत असन. कधी अच्छी गोष्ट बी सांगत जा ना जी."

मी चिडलो. "चांगलं काही घडलं तर सांगीन ना, मावशी."

"घडते. तुम्ही पाहून नाही राहिले," म्हणाली आणि देवळासमोर थांबलेल्या बसमध्ये जाऊन बसली. खिडकीच्या जागेसाठी तिला कंडक्टरशी भांडताना मी स्वतः ऐकलं, त्यामुळे ती देवीच होती असं म्हणायला माझीसुद्धा जीभ रेटत नाही. नव्हती, असंही म्हणवत नाही.

परतताना रागारागानेच इकडेतिकडे पाहिलं. वर आमच्या बिरसीच्या धावपट्टीवरचं एक शिकाऊ विमान घिरट्या घालत होतं. ते खाली आलं, जणू घाबरलं, आणि पुन्हा वर गेलं. धानाच्या बांधीत रोपांची रोवणी करणाऱ्या एका बाईने कंबर सरळ केली, चिखलाचा हात वर केला आणि विमानाला म्हणाली, "डरू नको बाबू, आता येजो." दुसऱ्या फेरीत विमान नीट उतरलं. ती अशी हसली, जणू घरचंच कोणी पास झालं.

जेवताना मी हे बायकोला सांगितलं. तिने घास हातात धरून ठेवला आणि दारातून आभाळाकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी देवीलाही सांगितलं, हळू आवाजात. त्या दिवसापासून मला शोधायची सवयच लागली. एका बाईची चिखलात रुतलेली चप्पल निघेपर्यंत ड्रायव्हरने बस थांबवली. बाजारात दोन भांडखोर भाऊ एकाच छत्रीखाली दिसले. मी रोज संध्याकाळी अंगणात बायकोच्या खाटेजवळ बसून सांगायचो, अर्थात हातवारे करून. मग शेजारचेही येऊ लागले. सुशीलाबाईंनी तर एके दिवशी येताच जाहीर केलं, "भाऊजी, आज माह्या जावयानं स्वतःच्या हातानं चहा केला. साखर नव्हती त्यात, पण केला." देवीकडचं माझं मागणं या गडबडीत कधी सुटलं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग ती संध्याकाळ. दुपारी अंगणात कडुनिंबाखाली मी देवीच्या तसबिरीपुढे शिऱ्याचं ताट ठेवून डोळे मिटून बसलो होतो, आणि शेजारची बकरी सगळा शिरा खाऊन गेली. बायको खाटेवरून पाहत होती. संध्याकाळी मंडळी जमल्यावर मी हा प्रसंग रंगवला. आवाज खाली आणला, दोन्ही हात छातीशी नेले. "मी इतका खोल ध्यानात होतो," मी म्हणालो, "की मुक्या जिवाच्या रूपाने देवी आली, प्रसाद घेऊन गेली, आणि मला देहाचं भान नव्हतं."

तेव्हा ती बोलली. सुशीलाबाईंच्या सुपातल्या शेंगा अंगणभर झाल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट अर्धी सोडली आणि खाटेच्या पायाशी बसून रडलो.

आजही तिचे शब्द अडतात, काही येतच नाहीत. पण येतात तेवढे आम्हाला पुरतात. मी ओरडून मागत होतो तेव्हा दिवस माझ्या समोरून नुसते जात होते. मागणं खाली ठेवलं, हाताला येईल तेवढं वाटत गेलो, आणि जे द्यायचं ते देवीने तिच्या सवडीने दिलं. आता देवळात मी काही मागत नाही, फक्त कालचं काय बरं झालं ते सांगून येतो.

राहिले तिचे ते पहिले शब्द. सगळ्या आळीने ऐकलेत, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे बघत, एकेक शब्द ओढून काढत, ती म्हणाली:

"ध्यान कायचं जी... घोरून राहिले होते."