विषवाली आत्या

विषाचं नाव घेताना आमची आत्या आवाज खाली आणायची आणि ओढणी सारखी करायची, जणू कुणी वडीलधारं माणूस खोलीत आलंय. घाबरून नाही हं! तिच्याइतकी धीट बाई आमच्या अख्ख्या विकास नगरात नव्हती. ती थक्क व्हायची. मज्जातंतूंची डॉक्टर म्हणून केस पिकले, तरी तिचं थक्क होणं काही संपलं नाही.

रक्ताच्या नात्याची ती नव्हे. लखनौत आपली मराठी घरं ती किती! बाबा अमरावतीचे, सरकारी नोकरीत नकाशे काढणारे; ती नागपूरची. बाबा तिला ताई म्हणायचे, म्हणून माझी आत्या.

आमच्याकडे आली की ‘जय भीम’ म्हणून ती थेट स्वयंपाकघरात, डब्याबरण्यांची झाकणं दाबून बघायला. एकदा बाबांनी मलिहाबादहून दशहरी आंब्याच्या रसाचा हवाबंद डबा मोठ्या कौतुकाने आणला होता. डबा जरासा फुगलेला. आत्याने तो न उघडताच टाकून द्यायला पिशवीत बांधला.

“अहो ताई, चाखून तरी बघा!” बाबा कळवळले.

“चाखायचंसुद्धा नाही, दादा. यात एक जंतू वाढलेला असू शकतो. त्याचं विष पोटात गेलं, तर श्वासाचे स्नायूसुद्धा ढिले पडतात.”

बाबा दिवसभर फुगून बसले होते, त्या डब्यासारखेच.

नवी डॉक्टर असताना तिने घटसर्पाची एक मुलगी पाहिली होती. लस न टोचलेली. घसा बरा होत आला, पोर खाटेवर बसून गप्पा मारायला लागली, आणि तिचं हृदय थांबलं. “जंतू घशात बसून राहतो गं, विष हृदयापर्यंत जातं,” हे सांगताना आत्याचे डोळे दर वेळी भरायचे. मग नाक पुसून म्हणायची, “आणि लस कशाची करतात? त्याच विषाची, नांगी मोडून!” धनुर्वाताचं विष आणि डब्यातलं विष या तिच्या लेखी सख्ख्या बहिणी होत्या. एक स्नायू आवळून टाकते, दुसरी सोडून देते. “आणि दोघी मज्जातंतूंच्या निरोपावर एकाच जातीची कात्री चालवतात. कमाल आहे की नाही?” होती बाई, कमाल होती. माझ्या तर अंगावर काटा यायचा.

पुढे बाबांचे डोळे मिटायला लागले. आधी उन्हात, मग वाचताना, मग कधीही. विहारात वंदनेला बसले की पापण्या घट्ट मिटत आणि वंदना संपली तरी उघडत नसत. झालं! लोकांना वाटलं, साहेबांचं ध्यान लागतंय. माणसं हात जोडायला लागली, नवशिक्यांना त्यांच्याशेजारी बसवायला लागली. आम्ही घरचेही तसलेच शहाणे. आई तर टीव्हीचा आवाज कमी करायची. आणि बाबा गप्प. आपण आंधळे होतोय या भीतीने त्यांना आतून पोखरलं होतं, त्यापेक्षा ध्यान बरं वाटत असणार. एक दिवस भर बाजारात डोळे मिटले आणि ई-रिक्षाने त्यांना धडक दिली. “अरे अंकल, देख के चलिए!” म्हणून वर रिक्षावाला भैयाच ओरडला. त्यानंतर बाबांनी बाहेर जाणंच सोडलं. चष्मेवाल्याने नजर तपासली, तर उत्तम!

बुद्धपौर्णिमेला आत्या घरी आली. आम्ही सगळे वंदना म्हणत होतो आणि ती एकटी बाबांच्या कपाळाकडे बघत होती. खीर वाढायच्या आत ती त्यांच्यासमोर बसली.

“दादा, ध्यानात माणसाच्या भुवया अशा ताणत नाहीत. कधीपासून आहे हे?”

बाबा सगळ्यांदेखत रडले. तिने त्यांचा हात धरून ठेवला. “डोळे शाबूत आहेत तुमचे. मेंदू पापण्यांना चुकीचा हुकूम देतोय. तो निरोप मध्येच अडवायचा, बस.”

“कशाने?”

आत्याने ओढणी सारखी केली. “तुमच्या त्या रसाच्या डब्यात मला ज्याची भीती होती ना, त्यानेच.”

“विष टोचणार मला?”

“हो. मोजून.”

मिठाच्या कणाच्याही कितीतरी बारीक अंशाइतकं ते विष तिने पापण्यांभोवती टोचलं. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी बाल्कनीत चहा पिताना बाबा आईकडे टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, “अगं, तू केस रंगवायचं सोडलंस की काय?” आई कप तसाच ठेवून हुंदके द्यायला लागली. माणूस मारणारी वस्तू माणसाला त्याची बायको परत दाखवते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला आजही ते नीट पचलेलं नाही.

असर काही महिन्यांनी उतरायचा, पुन्हा टोचावं लागायचं. वर्षानुवर्षं तिनेच टोचलं. मग तिलाच कर्करोगाने गाठलं. तिच्या जागी तिनेच तयार केलेला डॉक्टर होता, पण बाबा हट्टी. “ताईंना बरं वाटू दे, मग बघू.” तिला बरं वाटायचं नव्हतं. ते ठाऊक असूनही ते थांबले आणि असर उतरला.

मी त्यांना हाताला धरून तिच्या खाटेपाशी नेलं, तेव्हा पापण्या घट्ट मिटलेल्या. आत्या पार वाळली होती, पण रागवायचं काही सुटलं नव्हतं.

“दादा, विष माझ्या हातचं म्हणून काम करतं असं वाटतं का तुम्हाला? कुणाही शहाण्या हाताने टोचा, ते आपलं काम करतं. उद्याच्या उद्या जा.”

“जातो,” बाबा म्हणाले. “आधी तुम्हाला बघू द्या.”

आणि दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या उचलून धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत. आत्या हसली. ते शेवटचं हसणं बाबांनी पूर्ण पाहिलं.