घरचंच काम

माझा मामा रंगारी. लोक त्याला खरखरमामा म्हणत, कारण तो कामाला जाई त्या घरात पहिले दोन-तीन दिवस नुसता पॉलिश पेपरचा खरखराट चाले. घरमालक कंटाळून विचारायचे, रंग लावणार तरी कधी? जुना ऑइल पेंट चकचकीत असला की नवा रंग त्यावर टिकत नाही, आधी ती चकाकी मारावी लागते, एवढं सांगून मामा पुन्हा घासायला लागे.

आमच्या घराच्या दारांना वर्षानुवर्षं तोच तपकिरी रंग होता. बाबा गेल्यावर आईने शिलाई मशीनवर घर चालवलं. त्यात तिने हौसेने अशी एकच गोष्ट मागितली: दारं पांढरी हवीत. मामा म्हणाला, "ताई, तू बोलायचा अवकाश."

त्याचं एका दवाखान्याचं मोठं काम सोमवारी सुरू होणार होतं. शनिवारी सकाळी तो दोन ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन आला. ओल्या फडक्याने दारं पुसली आणि सरळ रंग लावायला घेतला. मी तेव्हा कॉलेजात होते. न राहवून विचारलंच, मामा, घासणार नाहीस? तो म्हणाला, हा नव्या प्रकारचा रंग आहे, याला घासावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत घर उजळून निघालं. आईने त्याच्यासाठी शिवलेला शर्ट त्याच्या हातात ठेवला. तो शर्ट घालूनच मामा गेला.

चार महिन्यांनी मी दारावर चिकटवलेलं वेळापत्रक काढलं, तर चिकटपट्टीबरोबर तळहाताएवढा रंग सायीसारखा निघून आला. खाली जुना तपकिरी रंग तसाच चकाकत होता. मग कडीजवळ सुटला, चौकटीला सुटला. आईने बाहेरच्या दाराला आतून पडदा लावला, स्वयंपाकघराच्या दाराला पिशव्या अडकवल्या आणि मला बजावलं, मामाला यातलं काही बोलायचं नाही. तो आला की आम्ही दोघी त्याला दारापासून लांब, खिडकीजवळ बसवत असू.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा दार पाहिलंच. आई पटकन म्हणाली, मीच सोड्याच्या गरम पाण्याने घासलं, माझाच मूर्खपणा. काकूंचा विश्वास बसला. इतका, की पुढे जिन्यात मामा भेटल्यावर त्यांनी आपलं सगळं घर त्याला रंगवायला सांगितलं. वर म्हणाल्या, तुमच्या बहिणीने सोडा लावून दारं घालवली हो, पण तुमच्या हाताला ती नावं ठेवू देत नाही.

मामा तसाच आमच्याकडे आला. त्याने पडदा बाजूला केला, सुटलेल्या रंगाखाली नख घातलं आणि ओढलं. कडीपासून वरपर्यंत लांबलचक पट्टी निघून आली. ती हातात धरून तो स्टुलावर बसला. त्याचे कान लाल झाले होते.

"सोडा लावलास तू?"

"नाही," आई म्हणाली. "पण तुझं पोट या कामावर आहे. लोकांना काय सांगणार होते?"

"ताई, मी घासलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला. शेजारच्या खोलीत मशीनवर होते ना मी. मशीन थांबलं की कान देत होते. खरखर एकदाही ऐकू आली नाही."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

आईने दोरा तोडला. "वाटलं, तू आपणहून सांगशील."

तो चहा न घेताच निघाला.

दुसऱ्या दिवशी आठला हजर. नऊ दिवस काम चाललं. आधी सगळा पांढरा रंग सोलून काढला, दारं सोड्याच्या पाण्याने धुतली. जुन्या रंगाची धूळ वाईट म्हणून नाकावर मास्क चढवून ओल्या पेपरने घासलं. भेगा लांबी भरून बुजवल्या, प्रायमर लावून एक दिवस वाळू दिला, पुन्हा हलका पेपर मारला आणि मग रंगाचे दोन हात. जेवायला बसवलं तरी तो आईकडे बघत नसे.

चौथ्या दिवशी मी बादलीतलं पाणी बदलून दिलं, तेव्हा तो आपणहून बोलला. "तुला त्या दिवशी खोटं सांगितलं मी. बाहेरच्याचं काम बिघडलं तर तो चारचौघांत तोंडावर बोलतो. ताई बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्याकडेच चुकारपणा केला."

काम संपलं त्या दुपारी तो हातपाय धुऊन वर गेला आणि काकूंना सगळं खरं सांगून आला. काकूंनी ऐकून घेतलं, कळवते म्हणाल्या. महिन्याभराने त्यांच्या दारात दुसऱ्याच रंगाऱ्याची शिडी उभी राहिली. आई चिडली, सांगायची काय गरज होती म्हणून.

त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे येताना तो जिना खाली मान घालून चढे. एका रविवारी काकू समोरून आल्या. तो बाजूला झाला, मग थांबून म्हणाला, "तुमच्या खिडक्या छान झाल्यात. नीट घासून केलंय त्याने." काकू हसून हो म्हणाल्या. मामा वर आला, दाराशी चप्पल काढली आणि आईकडे चहा मागितला.